काळजीची मात्रा

१९५० च्या सुमारास हृदयविकाराचा झटका आलेला माणूस अमेरिकेतल्या चांगल्या रुग्णालयात दाखल झाला, की त्याला पहिली आज्ञा मिळे ती न हलण्याची. चार ते सहा आठवडे तो पाठीवर पडून राही. घास नर्सने भरवायचा, तोंड तिनेच पुसायचं, कुशीवर वळायचं तेही तिच्या हाताने. शौचाला बेडपॅन. यामागचा विचार दयेचा होता. जखमी हृदयाला विश्रांती हवी, आणि माणूस जितका कमी हलेल तितके हृदयाचे कष्ट कमी. हे इतकं उघड वाटे, की त्याची परीक्षा घ्यावी असं कुणाच्या मनातही येत नसे.

बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगॅम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लिव्हाइन यांच्या मनात ते आलं. आडव्या माणसाच्या पायांतलं रक्त छातीकडे परत येत राहतं आणि कमजोर हृदयावर त्याचा भार पडतो. पाय खाली सोडून आरामखुर्चीत बसवलं, तर तो भार उतरेल, असा त्यांचा तर्क होता. रुग्णांना प्रत्यक्ष खुर्चीत बसवण्याचं काम त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांच्याकडे आलं. वॉर्डातल्या कनिष्ठ डॉक्टरांना हा रुग्णाच्या जिवाशी चाललेला खेळ वाटला आणि त्यांनी कडाडून विरोध केला. १९५२ साली लिव्हाइन आणि लाउन यांनी अशा ८१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. खुर्चीत बसल्याने भीती होती तसा अनर्थ झाला नव्हता. रुग्णांना हुशारी वाटत होती, मन खचत नव्हतं, आणि घरी कधी सोडणार हा प्रश्न ते आता स्वतःहून विचारत होते.

औषध किती मिलिग्रॅम द्यायचं, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस, हे आपण काटेकोर पाहतो. पण रुग्णालयात माणसाला औषधांखेरीज पुष्कळ काही दिलं जातं. पडून राहायला लावणं, उपाशी ठेवणं, नळ्या, रात्रभर जळणारे दिवे, एकटेपणा. आणि दुसऱ्या बाजूने उठवून बसवणं, चालवणं, बोलणं, सोबत. यातली प्रत्येक गोष्ट शरीरावर औषधासारखाच परिणाम करते. मग तिचीही मात्रा ठरवायला हवी आणि तिचीही चाचणी व्हायला हवी. गेल्या सत्तर वर्षांत संशोधकांनी हे काम नेटाने केलं आहे. त्यातून कित्येक जुन्या सवयी मोडल्या. काही सुंदर कल्पनाही कसोटीला उतरल्या नाहीत, आणि तेही कळणं तितकंच मोलाचं होतं.

पलंग शरीराचं काय करतो

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आलं. त्यानंतर त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेऊन शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ते मोजलं. ही क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली होती. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना बोलावून पुन्हा मोजणी झाली. आता ते पन्नाशीत होते. तीस वर्षं वय वाढून त्यांची क्षमता जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांत घटली होती.

ही झाली तरुणांची गोष्ट. २००७ साली अमेरिकेतच सरासरी ६७ वर्षं वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतून जवळजवळ एक किलो स्नायू गेले होते. यांच्यापैकी कुणालाही ताप नव्हता, कुणाचं ऑपरेशन झालं नव्हतं, जेवण वेळेवर मिळत होतं. फक्त पडून राहणं एवढाच काय तो बदल. न्यूमोनियाने आजारी असलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या पायांचं दहा दिवसांत काय होत असेल, याचा अंदाज यावरून येतो. न्यूमोनिया बरा होतो, डिस्चार्ज मिळतो, आणि घरी आल्यावर कळतं की त्याला संडासाला बसल्यावर उठता येत नाही.

पडून राहण्याचे परिणाम स्नायूंपुरते थांबत नाहीत. फुप्फुसांचा तळाचा भाग नीट फुलत नाही, कफ साचतो, त्यात जंतू वाढतात. पोटऱ्यांच्या शिरांत रक्त संथ होऊन गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवही जातो. हाडांतलं कॅल्शियम लघवीवाटे जातं. आतडी मंदावतात. रक्तातला पाण्याचा अंश कमी होतो, त्यामुळे उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. माकडहाडावरची आणि टाचांवरची कातडी दाबाने मरते आणि बेडसोर पडतात. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच एका लेखात अवयवांनुसार अशी यादी मांडून, रुग्णाला झोपवून ठेवण्याच्या धोक्यांबद्दल आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं होतं.

यादी मांडणं ही एक पायरी झाली. झोपवून ठेवलेले रुग्ण आणि न झोपवलेले रुग्ण यांची न्याय्य तुलना करणं ही पुढची. त्यासाठी रुग्णांचे दोन गट करावे लागतात, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडावं लागतं. तसं नसेल तर डॉक्टर नकळत धडधाकट माणसं एका गटात घालतो आणि निकाल फसवा ठरतो. लिव्हाइन यांच्या ८१ रुग्णांना तुलनेचा असा गट नव्हता. १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या तीन संशोधकांनी तोवर झालेल्या अशा ३९ चाचण्या एकत्र केल्या. पाठदुखीपासून हृदयविकारापर्यंत १५ वेगवेगळ्या स्थितींत सक्तीच्या विश्रांतीचा उपयोग त्यांत तपासला होता. पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्यासारख्या एखाद्या क्रियेनंतर झोपवून ठेवण्याच्या २४ चाचण्या होत्या. त्यांत एकाही बाबतीत ठळक फायदा दिसला नाही, आठ बाबतींत मात्र ठळक तोटा दिसला. विश्रांती हाच उपचार मानलेल्या १५ चाचण्यांत फायदा पुन्हा शून्य, आणि नऊ बाबतींत तोटा.

याच प्रश्नावरची जगातली एक मोठी चाचणी आपल्या देशात झाली होती. एके काळी क्षयरोग म्हटला की सॅनिटोरियम आलंच. पाचगणी किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीला महिनोन्‌महिने राहून आलेलं माणूस महाराष्ट्रातल्या कित्येक कुटुंबांत असे. चांगली हवा, सकस जेवण आणि अंथरूण हाच उपचार. पुढे औषधं आली, तरी ती सॅनिटोरियममध्ये झोपूनच घ्यायला हवीत असा समज कायम राहिला. गरीब देशात तेवढ्या खाटा येणार कुठून? १९५६ साली मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच. घरी राहिलेल्या रुग्णांना कमी अन्न मिळत होतं, दाटीत राहावं लागत होतं, कामाला जावं लागत होतं. तरी वर्षअखेर दोन्ही गटांत बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं आलं, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांत लागण जास्त झाली नाही. १९५९ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला आणि पुढच्या काळात जगभरची सॅनिटोरियमं रिकामी होत गेली. आज क्षयाचा रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो, त्यामागे मद्रासच्या त्या रुग्णांनी चाचणीत घेतलेला भाग आहे.

गॅस पास झाला का?

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचे नातेवाईक आपल्याकडे एका बातमीची आतुरतेने वाट पाहतात. गॅस पास झाला का? तो होईपर्यंत तोंडाने काही नाही. हातात सलाईन, नाकात नळी, लघवीला पिशवी, आणि माणूस पलंगावर. त्याआधी ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारानंतर पाण्याचा घोटही बंद.

कोपनहेगनच्या ह्विडोव्रं रुग्णालयातले शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात या शिरस्त्यातली एकेक गोष्ट वेगळी काढून तपासायला घेतली. ऑपरेशन तर नीट झालं आहे; मग हा माणूस आज अजून रुग्णालयात का आहे? वेदनेमुळे की मळमळीमुळे? आतडी हलत नाहीत म्हणून, अशक्तपणामुळे, की नळ्यांमुळे? प्रत्येक कारण सुटं घेतलं, की त्यावर उपाय दिसू लागतो. दुखणं थांबवायला मॉर्फिनसारखी औषधं भरपूर दिली की आतडी आणखी मंदावतात. म्हणून पाठीतून भूल आणि साध्या वेदनाशामकांवर भर द्यायचा. सलाईन गरजेपेक्षा जास्त झालं की आतड्यांना सूज येते. ते मोजून द्यायचं. नाकातली नळी सरसकट घालायची नाही. लघवीची नळी लवकर काढायची. त्याच दिवशी खुर्चीत बसवायचं, दुसऱ्या दिवशी चालवायचं, आणि गॅसची वाट न पाहता थोडं थोडं खायला द्यायचं.

२००० साली केलेट यांच्या गटाने मोठ्या आतड्याचा भाग काढलेल्या ६० रुग्णांचा अहवाल दिला. निम्म्याहून अधिक रुग्ण दोन दिवसांत घरी गेले होते. तेव्हा अशा ऑपरेशननंतर आठवडा-दहा दिवस राहणं सर्वसाधारण होतं. काहींना परत दाखल करावं लागलं, हेही त्यांनी नोंदवलं. पुढच्या वर्षी एडिंबराचे केन फिअरॉन आणि स्टॉकहोमचे ओले युंगक्विस्ट यांनी युरोपातल्या सर्जनांचा अभ्यासगट स्थापन केला आणि या पद्धतीला शिस्तीचं रूप दिलं. आदल्या रात्रीपासूनचा कोरडा उपासही तिथे टिकला नाही. पोट रिकामं व्हायला ज्यांना वेळ लागतो असे रुग्ण वगळले, तर ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत पाणी किंवा गाळीव पेय चालतं, असं आज भूलतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्या रुग्णाला काय चालेल हे मात्र त्याच्या भूलतज्ज्ञालाच विचारायचं.

यात नवं औषध एकही नव्हतं. जे होतं त्याची मात्रा आणि वेळ बदलली होती.

चष्मा आणि कानाचं यंत्र

वयस्क माणूस रुग्णालयात दाखल होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री अचानक वेगळंच बोलायला लागतो. आपण कुठे आहोत ते कळत नाही, मुलाला ओळखत नाही, सलाईन उपसून काढतो. जुनी माणसं म्हणायची, वात झाला. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला किंवा वय झालं. खरं तर हा आजारी शरीराचा मेंदूवर पडलेला ताण असतो. अनोळखी जागा, अपुरी झोप, कमी पडलेलं पाणी, काही औषधं आणि पलंगाला खिळणं यांनी तो वाढतो. ज्यांना तो होतो ते जास्त दिवस रुग्णालयात राहतात, आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये यांनी यावर जो उपाय शोधला तो वाचून हे संशोधन आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. प्रशिक्षित स्वयंसेवक वृद्ध रुग्णाजवळ दिवसातून अनेकदा जात. आज वार कुठला, आपण कुठे आहात, आज कुठले डॉक्टर येणार, हे बोलत. हाताला धरून चालवत. चष्मा डोळ्यांवर आणि यंत्र कानात आहे ना, ते पाहत. पाणी पाजत. रात्री झोपेची गोळी देण्याआधी गरम दूध किंवा काढ्यासारखा चहा, पाठीला हलकं मालीश, आणि वॉर्डात शांतता. १९९९ मध्ये ८५२ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. सगळे सत्तरीपुढचे. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी १५ टक्क्यांना डिलिरियम झाला. हा उपक्रम मिळालेल्यांत ते प्रमाण ९.९ टक्के होतं.

या निकालातला आणखी एक भाग महत्त्वाचा आहे. एकदा डिलिरियम झाल्यावर याच उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणजे वेळ ही मात्रेचाच भाग आहे. आपल्याकडे पेशंट दाखल झाला की चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणि घड्याळ हरवेल म्हणून घरी पाठवलं जातं. हेतू चांगला असतो, पण त्या क्षणापासून त्या माणसाला समोरचा चेहरा धूसर दिसतो, बोलणं अर्धवट कळतं आणि दिवस-रात्रीचा हिशेब राहत नाही. या वस्तूंवर नाव लिहून त्या उशाशी ठेवणं हे दाखल झाल्याच्या पहिल्या तासाचं काम आहे.

आयसीयूत जागं राहणं

व्हेंटिलेटरवरच्या माणसाला गाढ गुंगीत ठेवणं हा बरीच वर्षं दयाळूपणा समजला जाई. २००० साली शिकागो विद्यापीठात जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी १२८ रुग्णांवर चाचणी केली. एका गटात गुंगीचं औषध रोज थांबवून रुग्ण जागा होतो का ते पाहायचं आणि लागलं तरच पुन्हा सुरू करायचं. या गटातले रुग्ण व्हेंटिलेटरवर साधारण ४.९ दिवस राहिले, दुसऱ्या गटातले ७.३ दिवस. जागा माणूस स्वतः श्वास घेऊ लागतो, आणि जाग्या माणसाला हलवताही येतं. मग २००९ मध्ये त्याच परंपरेतल्या विल्यम श्वायकर्ट यांनी १०४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. रोज गुंगी उतरली की फिजिओथेरपिस्ट येत, हातपाय हलवून घेत, पलंगाच्या कडेवर बसवत, जमल्यास उभं करत, तेही व्हेंटिलेटर चालू असताना. अंघोळ, कपडे, जेवण, चालणं हे स्वतःचं स्वतः करता येण्याच्या स्थितीत या गटातले ५९ टक्के लोक घरी गेले, दुसऱ्या गटातले ३५ टक्के.

इथवर वाचून वाटेल की सूत्र सापडलं: लवकर उठवा, जास्त चालवा. संशोधकांनाही तसं वाटलं होतं.

मेलबर्नच्या ज्युली बर्नहार्ट यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर तपासली. पाच देशांतली ५६ रुग्णालयं, २१०४ रुग्ण. एका गटाला झटक्यानंतर २४ तासांच्या आत उठवायला सुरुवात करायची आणि दिवसातून अनेकदा, जास्त वेळ उठवायचं; दुसऱ्याला त्या रुग्णालयाच्या नेहमीच्या पद्धतीने. २०१५ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या गटात ५० टक्के होतं आणि भरपूर चालवलेल्या गटात ४६ टक्के. ज्या उपचारावर संशोधकांचा स्वतःचा विश्वास होता, त्यानेच थोडं नुकसान केलं होतं. नंतर आकड्यांची बारकाईने छाननी झाली तेव्हा दिसलं, की थोड्या थोड्या वेळासाठी अनेकदा उठवणं चांगल्या निकालाशी जोडलेलं होतं, तर एकूण मिनिटं वाढवणं वाईट निकालाशी. २०२२ साली आयसीयूतल्या ७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही नेहमीपेक्षा जास्त हालचाल करवून फायदा दिसला नाही, आणि हृदयाचे ठोके बिघडणं, रक्तदाब बदलणं यांसारख्या घटना वाढल्या.

या दोन निकालांचा अर्थ रुग्णाला पुन्हा झोपवून ठेवा असा मुळीच नाही. तुलनेच्या गटातले रुग्णही रोज थोडे हलवलेच जात होते. सहा आठवडे पाठीवर कुणीच नव्हतं. पडून राहणं वाईट आहे आणि अतिरेकही वाईट आहे, इतका साधा धडा मिळवायला हजारो रुग्णांची मदत लागली. मायेने केलेल्या गोष्टीची चाचणी कशाला, असं जे म्हणतात त्यांना माझं उत्तर या आकड्यांत आहे. माया खरी असली तरी मात्रा चुकू शकते, आणि ती चुकली हे मोजल्याशिवाय कळत नाही.

पलंगाशेजारचा माणूस

भारतात रुग्णाला एकटं दाखल करत नाहीत. त्याच्याबरोबर कुणीतरी राहतंच. वॉर्डात त्याला कूस बदलून देणं, भरवणं, पुसणं, चालवत संडासापर्यंत नेणं यातलं पुष्कळसं काम बायको, मुलगी, सून किंवा भाऊ करतो. वॉर्डातले मदतनीस, म्हणजे मावशी आणि मामा, सगळ्या खाटांना पुरत नाहीत, सिस्टर तर नाहीतच. मग या माणसाला नीट शिकवलं तर रुग्ण जास्त बरा होईल का?

हा प्रश्न भारतातल्या १४ रुग्णालयांनी पक्षाघाताच्या १२५० रुग्णांवर तपासला. एका गटातल्या नातेवाइकांना रुग्णालयात आणि नंतर घरी जाऊन व्यायाम, बसवण्या-उठवण्याची पद्धत आणि रोजच्या कामांचा सराव शिकवला. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा मिळाली. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के होतं. काहीच फरक नाही.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका सोयीच्या कल्पनेला अडवतो. फिजिओथेरपिस्ट कमी आहेत ना, मग त्यांचं काम घरच्यांना शिकवून मोकळं व्हा, असं सरकारला किंवा रुग्णालयाला म्हणता येणार नाही. कुटुंब आधीपासूनच जिवापाड करत असतं. त्याच्या खांद्यावर तज्ज्ञाचं कामही टाकलं म्हणून तज्ज्ञाचा परिणाम मिळत नाही.

मात्र कुटुंबाची उपस्थिती निरुपयोगी ठरली असंही नाही. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत भेटीची वेळ दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवून पाहिली. २०१९ च्या निकालानुसार रुग्णांतला डिलिरियम फारसा कमी झाला नाही, पण नातेवाइकांची चिंता आणि खिन्नता कमी झाली, आणि ज्या भीतीने दारं बंद ठेवली जातात तो जंतुसंसर्गही वाढला नाही.

आणि जिथे माणसाचं शरीरच औषध असतं, तिथे परिणाम थक्क करणारा आहे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. यालाच आपण कांगारू पद्धत म्हणतो. तरी बाळ स्थिर झाल्यावरच ते आईकडे द्यायचं, तोवर ते वेगळ्या कक्षात, ही रीत पुढेही राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत हा क्रम बदलला. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १.७९९ किलो वजनाच्या ३२११ बाळांपैकी अर्ध्यांना जन्मताच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या बाईमाणसाच्या छातीशी ठेवलं. त्यासाठी नवजात अतिदक्षता कक्षातच आयांच्या खाटा लावल्या. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के बाळं दगावली, नव्या पद्धतीत १२ टक्के. फायदा इतका स्पष्ट झाला की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. आईला दाराबाहेर बसवणं ही तोवर खबरदारी समजली जात होती.

डिस्चार्ज झाल्यावर

रुग्णालयातून सुटलेला माणूस बरा झाला असं आपण धरतो. येलचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये लक्ष वेधलं, की अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांपैकी जवळपास एक पंचमांश ३० दिवसांत पुन्हा आजारी पडून रुग्णालय गाठतात, आणि बरेचदा आजार पहिल्यापेक्षा वेगळाच असतो. मोडलेली झोप, घटलेलं वजन, गेलेले स्नायू आणि गोंधळलेलं मन घेऊन ते घरी आलेले असतात. त्या दिवसांत नवा आजार सहज गाठतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मेरी नेलर या परिचारिका-संशोधिकेने या दिवसांसाठी एक पद्धत उभी केली. अनुभवी नर्स दाखल असतानाच रुग्णाला भेटते, घरी काय अडचणी येतील ते समजून घेते, आणि डिस्चार्जनंतर तीच नर्स घरी जाते. १९९९ मधल्या ३६३ वृद्ध रुग्णांच्या चाचणीत २४ आठवड्यांत पुन्हा दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण ३७.१ टक्क्यांवरून २०.३ टक्क्यांवर आलं. रुग्णालयात पाहिलेला तोच चेहरा उंबरठा ओलांडून घरी येतो, हे या पद्धतीचं बळ आहे.

घरी येणारी अशी नर्स आपल्यापैकी बहुतेकांना मिळत नाही. तरी या सगळ्या संशोधनातून काही प्रश्न नक्की मिळतात, आणि राउंडच्या वेळी ते विचारायचा आपल्याला हक्क आहे. यांना आज खुर्चीत बसवलं तर चालेल का, दिवसातून किती वेळा, आणि कुणाच्या मदतीने? लघवीची नळी अजून कशासाठी आहे? ऑपरेशनआधी पाणी कधीपर्यंत चालेल आणि नंतर खाणं कधी सुरू करायचं? रात्रीची गोळी गरजेची आहे का? हाड मोडलेलं असेल, मणक्याला इजा असेल किंवा हृदय अस्थिर असेल, तर झोपून राहणंच योग्य असू शकतं. ते कशासाठी आणि किती दिवस, हेही विचारावं. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की औषधं आणि धोक्याची लक्षणं आपल्या शब्दांत सिस्टरला म्हणून दाखवावीत. आपल्याला नक्की काय कळलं आहे, हे त्यातूनच दोघांनाही समजतं.

आपल्या सरकारी आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांतही या प्रश्नांचं उत्तर शोधायला हवं. तिथले वॉर्ड डेन्मार्कचे नाहीत आणि तिथला आजारी माणूस बरेचदा आधीच कुपोषित असतो. त्याला दिवसातून कितीदा उठवावं, शेजारच्या नातेवाइकाला कुठली दोन-तीन कामं शिकवली तर बेडसोर टळतील, घरी गेलेल्या माणसाला आशाताईने कितव्या दिवशी भेटावं, याची उत्तरं परदेशातल्या चाचण्या देऊ शकत नाहीत. महागडी यंत्रं न आणता करता येण्याजोगं हे संशोधन आहे. मद्रासच्या गरीब वस्त्यांनी १९५६ साली ते करून दाखवलं, आणि त्यातून साऱ्या जगाची वहिवाट बदलली. काळजीची मात्रा आपल्या माणसांवर, आपल्या वॉर्डांत मोजली जाणं, हा आपल्या रुग्णांचा औषधाइतकाच मोठा हक्क आहे.